क्रॉन बंद केल्याने मायनर जाणार नाही: शेड्यूल केलेल्या कामांचा गैरवापर कसा शोधावा आणि कसा रोखावा

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे की त्यांच्या कार्यालयातील उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरमध्ये क्रिप्टो मायनर, म्हणजे चोरून आभासी चलन तयार करणारा प्रोग्रॅम, शिरला आहे. त्याची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मारली, म्हणजे बंद केली, की ती थोड्याच वेळात पुन्हा उभी राहते. क्रॉन हा लिनक्समध्ये ठरावीक वेळी कामे चालवणारा प्रोग्रॅम आणि क्रॉनटॅब ही त्याच्या कामांची यादी. क्रॉनटॅबमधील अनोळखी ओळ त्यांनी तीनदा काढली आणि तिन्ही वेळा ती परत आली. त्याच नेटवर्कमधील एका विंडोज सर्व्हरवर, टास्क शेड्यूलर या तेथील क्रॉनसारख्या सोयीत, अपडेटसारखे नाव असलेले एक टास्क दिसते, पण ते कोणी तयार केले हे कार्यालयात कोणालाच सांगता येत नाही. क्रॉन आणि टास्क शेड्यूलर दोन्ही बंदच करून टाकावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर नाही असे आहे. क्रॉन बंद केले तरी उबुंटूवर सिस्टमडीचे (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे) टायमर चालूच राहतात, शिवाय ज्याला क्रॉनमध्ये ओळ लिहिता येते त्याला सिस्टमडीची सेवा, शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फाइली किंवा एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) किल्ल्यांची यादी यांतही लिहिता येते. तुमचे बॅकअप मात्र बंद पडतील आणि ते बंद पडल्याचे नेमके गरजेच्या दिवशी कळेल. विंडोजमध्ये तर असंख्य अंतर्गत कामे टास्क शेड्यूलरवर अवलंबून असल्याने ती सेवा नेहमीच्या खिडकीतून बंदही करता येत नाही. तुमच्या तक्रारीत खरे प्रश्न दोन आहेत. पहिला, ही ओळ लिहिण्याइतका अधिकार कोणाच्या हाती आणि कोणत्या वाटेने गेला. दुसरा, त्या मशीनवर कोणती कामे ठरावीक वेळी चालायला हवीत याची यादी कार्यालयात कोणाकडेच का नाही. ‘हे टास्क कोणी बनवले ते माहीत नाही’ हे वाक्य मला मायनरपेक्षा अधिक काळजीचे वाटते, कारण यादी नसेल तर उद्या येणारी अनोळखी ओळही अशीच नजरेतून सुटेल.

पुढचे बरेचसे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: ती ओळ कोणत्या वापरकर्त्याच्या नावावर होती? वेबसाइट चालवणाऱ्या साध्या खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये असेल, तर हल्लेखोर कदाचित त्या खात्यापुरताच मर्यादित असेल आणि मशीन स्वच्छ करण्याचा विचार करता येईल. ती रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये किंवा ‘ईटीसी’ या सिस्टमच्या मांडणीच्या डिरेक्टरीखालील क्रॉन-डॉट-डी डिरेक्टरीत असेल, तर मी स्वतः असे मशीन दुरुस्त करीत बसत नाही. त्यातील माहिती तपासून बाहेर काढतो, सर्व्हर नव्याने उभारतो आणि सर्व पासवर्ड व किल्ल्या बदलतो. रूटचा अधिकार मिळालेल्या माणसाने चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘पीएस’ किंवा फाइली दाखवणाऱ्या ‘एलएस’सारख्या आज्ञांचे उत्तरही बदलले असू शकते, त्यामुळे त्या मशीनने स्वतःबद्दल दिलेल्या साक्षीवर विसंबून ते स्वच्छ झाले असे म्हणता येत नाही.

यापुढे प्रोसेस लगेच मारू नका. मारलेली प्रोसेस पुन्हा उभी करण्यासाठी कोणीतरी पाळतीवर बसलेले असते, आणि मारण्याने तुमच्या हाती काहीच पुरावा उरत नाही. त्याऐवजी तिला थांबवण्याचा, म्हणजे ‘स्टॉप’ हा सिग्नल पाठवा. प्रोसेस जिवंत दिसते पण काम करीत नाही, सीपीयू मोकळा होतो आणि पाळतीवरच्या प्रोग्रॅमला बहुधा काही कळत नाही. मग ‘प्रॉक’ या चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीखाली तिच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत जाऊन मूळ फाइल कोठे आहे, ती कोणत्या डिरेक्टरीतून सुरू झाली आणि तिच्याबरोबर कोणते एन्व्हायर्नमेंट (सोबतच्या सेटिंग) आले हे पाहावे. डिस्कवरील फाइल पुसलेली असली तरी प्रोसेस जिवंत असेपर्यंत तिची प्रत तेथून काढता येते.

प्रोसेस केव्हा सुरू झाली ती वेळ सेकंदासह पाहा. क्रॉन दर मिनिटाला जागे होते आणि मिनिटाच्या आरंभीच काम सोडते, त्यापेक्षा लहान अंतर त्याला कळत नाही. म्हणून परत आलेली प्रोसेस प्रत्येक वेळी मिनिटाच्या शून्याव्या किंवा पहिल्या सेकंदाला जन्मलेली दिसली, तर तिच्यामागे क्रॉन असण्याची शक्यता मोठी आहे. मारल्यावर दोन-तीन सेकंदांतच, मिनिटाशी काही संबंध नसलेल्या वेळी ती उभी राहत असेल, तर दुसरी पहारेकरी प्रोसेस किंवा पडल्यावर पुन्हा सुरू होणारी सिस्टमडीची सेवा शोधावी. सिस्टमडीच्या टायमरला मूळ मांडणीत मिनिटभराची सवलत असल्याने तो क्रॉनइतका सेकंदाला धरून चालत नाही. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे, पण शोध कोठून सुरू करावा ते यातून कळते. पुरावा लॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) मिळतो. उबुंटूवर सिसलॉगमध्ये किंवा जर्नलमध्ये क्रॉनने चालवलेली प्रत्येक आज्ञा खात्याच्या नावासह नोंदलेली असते.

तुम्ही ओळ काढली आणि ती परत आली याचा अर्थ ती लिहिणारी जागा दुसरीकडे आहे. त्यामुळे केवळ ‘क्रॉनटॅब -एल’ पाहून थांबू नका. ती आज्ञा फक्त एका खात्याची यादी दाखवते. प्रत्येक खात्याची क्रॉनटॅब व्हार-स्पूलखालील क्रॉन डिरेक्टरीत पाहावी. ईटीसीमधील मुख्य क्रॉनटॅब, क्रॉन-डॉट-डी, तासाच्या, दिवसाच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या डिरेक्टऱ्या, ॲनाक्रॉनची (मशीन बंद असताना चुकलेली कामे नंतर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल, ‘अ‍ॅट’ची (एकदाच चालायच्या कामांची) रांग आणि सर्व सिस्टमडी टायमर हेही तपासावे. टायमरची यादी काढताना निष्क्रिय टायमरही दाखवण्याचा पर्याय द्यावा. वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत लपलेल्या कॉन्फिग डिरेक्टरीतही त्याचे स्वतःचे टायमर असू शकतात. ‘लिंगर’ चालू असेल तर तो वापरकर्ता लॉगिन नसतानाही ते चालत राहतात. ही जागा तपासायची राहून गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

एक प्रसंग येथे सविस्तर सांगतो. एका ग्राहकाच्या वेब सर्व्हरवर अशाच परत येणाऱ्या प्रोसेसचा शोध चालला होता. वेबच्या खात्याची क्रॉनटॅब पाहिली तर पडद्यावर ‘या वापरकर्त्याची क्रॉनटॅब नाही’ असा नेहमीचा इंग्रजी संदेश आला. तेथील तरुण सहकाऱ्याने त्यावर विश्वास ठेवून दोन तास दुसरीकडे शोधण्यात घालवले, आणि यात त्याचा काही दोष नव्हता. मी स्पूलमधील फाइल पाहिली तेव्हा ती रिकामी नव्हती. मग तीच यादी फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या ‘कॅट’ या आज्ञेला मोठ्या ‘ए’ पर्यायासह दिली, म्हणजे न दिसणारी अक्षरेही दिसू लागतात. ओळीच्या आरंभी दर मिनिटाला बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवण्याची आज्ञा होती, तिच्यापुढे कॅरेज रिटर्नची खूण होती आणि त्यानंतर ‘क्रॉनटॅब नाही’ हे शब्द. कॅरेज रिटर्न टर्मिनलचा कर्सर ओळीच्या आरंभी नेतो, त्यामुळे नंतरचे शब्द आधीच्या आज्ञेवर उमटतात आणि खरी आज्ञा झाकली जाते. ज्या संदेशावर सहकाऱ्याने विश्वास ठेवला तो क्रॉनटॅब या प्रोग्रॅमचा नव्हताच, तो हल्लेखोराने फाइलमध्ये लिहून ठेवलेला मजकूर होता. तेव्हापासून मी क्रॉनची कोणतीही फाइल या पर्यायाशिवाय वाचत नाही.

लपवण्याची आणखी एक तऱ्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये उजेडात आली. ऑनलाइन दुकानांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सॅनसेक या डच कंपनीने क्रॉनरॅट नावाच्या मालवेअरचे (घातक प्रोग्रॅमचे) वर्णन प्रसिद्ध केले. त्याने क्रॉनमध्ये ३१ फेब्रुवारी या तारखेची कामे नोंदवली होती. नियमाच्या दृष्टीने अशी ओळ बरोबर असल्याने क्रॉन ती स्वीकारते, पण ती तारीख कधीच उजाडत नसल्याने काम कधी चालत नाही. त्या कामांच्या नावांत खरा प्रोग्रॅम गुंडाळून साठवलेला होता. म्हणजे येथे क्रॉनचा उपयोग वेळेसाठी नव्हे, तर कोणी न पाहणारे कोठार म्हणून केला होता. त्यामुळे ‘ही ओळ तर कधी चालणारच नाही’ असे म्हणून कोणतीही विचित्र ओळ सोडून देऊ नये.

फाइल काढताना रूटलाही ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले तर गोंधळून जाऊ नका. मायनर टोळ्या आपल्या क्रॉन फाइलला ‘न बदलणारी’ हा गुणधर्म देऊन ठेवतात. ‘एलएसएटीटीआर’ने तो दिसतो आणि ‘सीएचएटीटीआर’ने काढता येतो. असा गुणधर्म दिसला तर रूटचा अधिकार हल्लेखोराकडे गेलेला होता हेही त्यातून सिद्ध होते, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे सर्व्हर नव्याने उभारणेच इष्ट.

आता दरवाजाकडे वळू, कारण ओळ कितीही वेळा काढली तरी दरवाजा उघडा असेल तर ती परत येणारच. माझ्या अनुभवात तीन वाटा सर्वाधिक भेटतात. पहिली, वेब ॲप्लिकेशनमधील जुने भोक किंवा एसएसएचचा कमकुवत पासवर्ड. दुसरी, पासवर्डविना इंटरनेटवर उघडा राहिलेला रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) सर्व्हर. त्याचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील प्रवेशाचा क्रमांक, ६३७९. हल्लेखोर रेडिसला आपली डेटाबेस फाइल क्रॉनच्या डिरेक्टरीत साठवायला सांगतो आणि आत क्रॉनची एक ओळ ठेवतो. काही लिनक्स वितरणांतील क्रॉन त्या फाइलमधील बाकीचा कचरा दुर्लक्षून नेमकी तेवढी ओळ चालवते. रेडिसने ३.२ या आवृत्तीत पासवर्ड नसताना बाहेरची जोडणी नाकारणारा संरक्षित मोड आणला, पण सोय म्हणून तो बंद केलेले सर्व्हर मला आजही भेटतात. तिसरी वाट म्हणजे २३७५ या पोर्टवर प्रमाणीकरणाविना उघडा असलेला डॉकरचा (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचा) एपीआय, म्हणजे त्याला बाहेरून हुकूम देण्याची सोय. त्यातून यजमान मशीनची संपूर्ण डिस्क जोडलेला कंटेनर सुरू करता येतो आणि कंटेनरच्या आतून यजमानाच्या क्रॉनमध्ये लिहिता येते. किनसिंग या मालवेअरची एक मोहीम अशाच उघड्या डॉकर एपीआयवर चालली होती. तुमची ओळ तीन वेळा परत आली आहे, म्हणून हे दोन पोर्ट बाहेरून उघडे आहेत का ते आजच, नेटवर्कबाहेरील मशीनवरून तपासा.

हल्लेखोराने क्रॉनला हातही न लावता क्रॉनचा गैरवापर करण्याचा एक मार्ग आहे आणि त्याची सोय बहुतेक वेळा आपणच करून ठेवलेली असते. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये रात्री २ वाजता चालणारी बॅकअप स्क्रिप्ट नोंदलेली असते. नोंद निर्दोष असते, पण ती स्क्रिप्ट एखाद्या साध्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असते आणि मालकीही त्याचीच असते. त्या खात्याचा पासवर्ड मिळालेला माणूस स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ जोडतो आणि रात्री २ वाजता तुमचेच क्रॉन ती रूटच्या अधिकाराने चालवते. म्हणून रूट जे जे चालवते ती प्रत्येक फाइल आणि तिच्यापर्यंतच्या मार्गातील प्रत्येक डिरेक्टरी रूटच्या मालकीची असावी व इतर कोणालाही तिच्यात लिहिता येऊ नये. विंडोजमध्ये हीच चूक अधिक सहज होते. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘बॅकअप’ असे नवे फोल्डर बनवले, तर विंडोजच्या अनेक आवृत्त्यांवर मूळ मांडणीत लॉगिन केलेल्या कोणत्याही वापरकर्त्याला त्यात फाइल लिहिण्याची किंवा बदलण्याची परवानगी वारशाने मिळते. तेथील बॅच फाइल सिस्टम (विंडोजमधील सर्वाधिकारी) खात्याच्या टास्कला जोडली की साध्या वापरकर्त्याच्या हाती पूर्ण मशीन दिल्यासारखे होते. तुमच्या विंडोज सर्व्हरवर हे आधी पाहा.

लिनक्सवर ‘क्रॉन-डॉट-अलाव’ या फाइलमध्ये ज्यांना खरोखर गरज आहे तेवढ्याच खात्यांची नावे लिहावीत. ‘अ‍ॅट’साठीही तशीच फाइल आहे. वेबच्या किंवा डेटाबेसच्या खात्याला स्वतःची क्रॉनटॅब क्वचितच लागते. मात्र याची मर्यादा समजून घ्यावी: ही फाइल क्रॉनटॅब ही आज्ञा कोणी वापरावी एवढेच ठरवते. आधीच स्पूलमध्ये असलेली यादी त्यामुळे थांबत नाही, आणि रूट झालेल्या हल्लेखोराला तर तिचा काहीच अडसर नाही. तरीही वेबच्या खात्यापुरता शिरकाव झालेला असताना ती उपयोगी पडते, म्हणून मी ती प्रत्येक सर्व्हरवर ठेवतो.

आता विंडोज. टास्कच्या नावावरून काहीच ठरवू नका. ऑक्टोबर २०१७ मध्ये पसरलेल्या बॅड रॅबिट या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने) आपल्या टास्कना ड्रॅगनांची नावे दिली होती. हल्ली मात्र ब्राउझरच्या किंवा विंडोजच्या अपडेटरसारखीच नावे आढळतात. नावाऐवजी टास्क नेमके काय चालवते, कोणत्या खात्याने चालवते आणि कोणत्या घटनेवर सुरू होते हे वाचावे. पॉवरशेलला (विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिलेली सांकेतिक स्वरूपातील लांबलचक आज्ञा, ‘पब्लिक’, ‘टेम्प’ किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमधील प्रोग्रॅम, आणि या जोडीला सिस्टम खाते, एवढे दिसले की मी ते टास्क संशयास्पद धरतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ऑटोरन्स हे साधन येथे चांगले उपयोगी पडते, कारण ते मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या नोंदी बाजूला ठेवून बाकीच्या दाखवते. पण पॉवरशेल हाही मायक्रोसॉफ्टच्याच सहीचा प्रोग्रॅम असल्याने ती गाळणी लावल्यावर आणि काढल्यावर, असे दोन्ही वेळा पाहावे.

यादीत दिसत नाही म्हणजे टास्क नाही, असे येथेही मानू नये. एप्रिल २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हाफ्नियम या हल्लेखोर गटाच्या टारास्क नावाच्या मालवेअरची माहिती दिली. टास्क शेड्यूलर आपल्या नोंदी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) ‘टास्ककॅश’ या शाखेत ठेवतो आणि तेथील ‘ट्री’ या उपशाखेत प्रत्येक टास्कची ‘एसडी’ नावाची नोंद असते, जिच्यात ते टास्क कोणाला दिसावे याचे नियम असतात. टारास्क सिस्टमच्या अधिकाराने ती एकच नोंद पुसत असे. त्यानंतर टास्क खिडकीतून आणि आज्ञेच्या उत्तरातून नाहीसे होई, पण चालत मात्र राही. म्हणून ‘ट्री’खालील प्रत्येक टास्कला ‘एसडी’ नोंद आहे का हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट मी ठेवली आहे. अशी नोंद नसलेले टास्क सापडले तर ते योगायोगाने झाले असे मी मानत नाही.

याहून अवघड प्रकार सोलरविंड्स प्रकरणात, म्हणजे त्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून झालेल्या हल्ल्यात, दिसला. फायरआय या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या वर्णनानुसार हल्लेखोर नवे टास्क बनवत नसत. आधीपासूनचे कायदेशीर टास्क तात्पुरते बदलत, त्यातून आपले साधन चालवत आणि नंतर टास्क पूर्ववत करीत. आठवड्यातून एकदा यादी पाहणाऱ्याला यात काहीच सापडणार नाही, येथे बदलाची त्याच क्षणी झालेली नोंदच उपयोगी पडते. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये टास्क तयार झाल्याची नोंद ४६९८, पुसल्याची ४६९९ आणि बदलल्याची ४७०२ या क्रमांकाने होते. ४६९८ मध्ये टास्कचा पूर्ण मजकूर असतो. मात्र ‘अदर ऑब्जेक्ट ॲक्सेस इव्हेंट्स’ हे ऑडिट चालू केल्याशिवाय या नोंदी होत नाहीत. टास्क शेड्यूलरचा स्वतःचा ‘ऑपरेशनल’ लॉगही बऱ्याच मशीनवर बंद असतो, तोही चालू करावा. लिनक्सवर ऑडिटडी या नोंद ठेवणाऱ्या सेवेत क्रॉनच्या आणि सिस्टमडीच्या डिरेक्टऱ्यांवर लिहिण्याची पाळत लावली की तेच काम होते. डोमेन (एकत्र सांभाळली जाणारी विंडोज मशीन) असेल तर ग्रुप पॉलिसीतून (सर्व मशीनना एकदम दिल्या जाणाऱ्या सेटिंगमधून) वाटली जाणारी टास्क विसरू नका, कारण रॅन्समवेअर टोळ्या एकाच पॉलिसीतून सर्व मशीनवर एकाच वेळी टास्क सोडतात.

हे सर्व ज्यावर उभे राहते ती यादी आता करा. प्रत्येक सर्व्हरवरील प्रत्येक शेड्यूल केलेल्या कामापुढे ते कशासाठी आहे, कोणी मागितले आणि कोणत्या खात्याने चालते हे लिहावे. पहिल्यांदा हे कंटाळवाणे वाटते आणि चार-पाच कामांपुढे ‘माहीत नाही’ असेच लिहावे लागते, पण त्या ‘माहीत नाही’चा पाठपुरावा करणे हेच खरे काम आहे. नंतर ही यादी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवून रोज प्रत्यक्ष स्थितीशी तुलना करावी. ही तुलना दुसऱ्या मशीनवरून करावी, कारण त्याच सर्व्हरच्या क्रॉनमध्ये ठेवलेली तपासणी हल्लेखोर सर्वांत आधी बंद करील. फरक नसेल तेव्हाही ‘फरक नाही’ असा रोजचा संदेश यावा आणि तो न आल्यास कोणीतरी विचारणा करावी.

लॉगही त्या मशीनवरून तत्काळ बाहेर पाठवावेत. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. दुर्भावनायुक्त कोडचे हल्ले त्या प्रकारांत मोडतात. तुम्हाला मायनर सापडून बरेच दिवस झाले असतील तरी अहवाल द्यावा, उशीर झाला म्हणून टाळू नये.

आज रात्री हातात वेळ थोडा असेल तर माझा क्रम असा राहील: सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची पूर्ण प्रत), मग प्रोसेस थांबवणे, मग बाहेर जाणारे नेटवर्क आवश्यक तेवढ्यावर आणणे, मग वरच्या सर्व जागांची न दिसणाऱ्या अक्षरांसह प्रत काढणे. पुसणे सर्वांत शेवटी. विंडोजवरील त्या टास्कला अजून हात लावू नका. त्याची एक्सएमएल प्रत निर्यात करा आणि ‘ॲक्शन्स’मधील मजकूर, ते ज्या खात्याने चालते त्याचा प्रकार आणि ‘ट्रिगर’ येथे लिहा. आयपी पत्ते व सर्व्हरची नावे मात्र झाकून ठेवा. लिनक्सवरील ओळ कोणत्या खात्याच्या यादीत होती तेही सांगा. ती रूटची निघाली तर विंडोजवरील ते टास्क त्याच माणसाचे असू शकते असे धरून पुढचे उत्तर देईन.